फळीवर ठेवलेला कणा: नसांच्या दुखण्यावरच्या औषधांची दोनशे वर्षं

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा वाचायचं आहे, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना होणारं "अं, म्हणजे" तेवढं काढलंय, बाकी सगळं जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट पाठीच्या एका कण्याची आहे. त्या कण्याचा मालक १८५२ साली वारला. पण कण्याचा एक तुकडा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात पुढे शंभराहून जास्त वर्षं फळीवर जपून ठेवलेला होता. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, त्या संग्रहालयावर बॉम्ब पडले आणि हजारो नमुने गेले. हा तुकडा वाचला. आणि मग १९६९ मध्ये, जागा पुरत नाही म्हणून, तो फेकून देण्यात आला.

कण्याचा मालक होता गिडियन मॅन्टेल. डायनोसॉरची आवड असलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल, कारण इग्वानोडॉन जगासमोर आणणारा माणूस हाच. पण आज आपण त्याच्या डायनोसॉरबद्दल कमी आणि त्याच्या पाठदुखीबद्दल जास्त बोलणार आहोत.

का? कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, फ्रिजवर नाहीतर टीव्हीशेजारी, औषधांचा एक डबा असतो. आजीचा, आजोबांचा, आता कदाचित आईबाबांचाही. त्यात एक गोळी असते, जिला घरात सगळे "नसांची गोळी" म्हणतात. रात्री झोपताना घ्यायची. संपली की तुम्हालाच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायला पाठवतात. ती गोळी कुठून आली, तिच्या आधी लोक काय घेत होते आणि ती खरंच किती काम करते, हा सगळा इतिहास मॅन्टेलच्या कण्यापासून नीट समजतो.

घोडागाडीचा अपघात

मॅन्टेलचा जन्म १७९० चा, इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या ल्यूइस गावात. वडील बूट बनवायचे. मुलगा डॉक्टर झाला, गावातला सगळ्यात कामसू डॉक्टर. वर्षाला दोन-तीनशे बाळंतपणं करायचा, वर कॉलरा आणि विषमज्वराचे रुग्ण. या सगळ्यातून वेळ काढून तो खाणींमधून जीवाश्म गोळा करायचा. त्याला काही मोठे विचित्र दात मिळाले होते, कुठल्या प्राण्याचे ते कळेना. लंडनमध्ये त्याच रॉयल कॉलेजच्या संग्रहालयात त्याला इग्वाना सरड्याचा सांगाडा दाखवला गेला आणि डोक्यात प्रकाश पडला. दात तसेच, फक्त कितीतरी पटींनी मोठे. १८२५ मध्ये त्यानं इग्वानोडॉनचा शोध प्रसिद्ध केला. "डायनोसॉर" हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो रिचर्ड ओवेननं १८४२ मध्ये काढला.

पण या छंदानं घर खाल्लं. १८३८ मध्ये त्याला आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. पुढच्याच वर्षी बायको घर सोडून गेली. १८४० मध्ये मुलगी वारली. आणि ११ ऑक्टोबर १८४१ ला, लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन भागात, त्याच्या घोडागाडीला अपघात झाला. तो गाडीवरून पडला, लगामात अडकला आणि फरफटत गेला.

त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं तो जगला. पाठीत कायमचं दुखणं, पायांपर्यंत उतरणाऱ्या कळा, चालताना त्रास. तरी तो थांबला नाही. पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली, १८४९ मध्ये रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळवलं, १८५० मध्ये पेलोरोसॉरस या आणखी एका प्रचंड प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे सगळं वाकलेल्या, दुखऱ्या शरीरानं. आणि १८४५ च्या सुमारास, दुखणं सहन होईना म्हणून, त्यानं अफू घ्यायला सुरुवात केली.

१० नोव्हेंबर १८५२ ला त्याच्या पोटात नेहमीपेक्षा जास्त अफू गेली. तो बेशुद्ध झाला आणि त्याच दिवशी वारला. वय ६२.

पाठ सरळ, कणा वाकडा

आता खरी गंमत. मॅन्टेल जिवंत असताना त्याच्या पाठीत, कमरेच्या वर, एक फुगवटा हाताला लागायचा. डॉक्टरांना वाटायचं की आत गाठ असावी. मेल्यानंतर शरीर उघडलं तर गाठबिठ काही नव्हती. कणाच बाजूला वाकलेला होता आणि वाकता वाकता स्वतःभोवती पिळला गेला होता. ओलं कापड पिळताना कसं वळतं, तसं. त्या पिळामुळे मणक्यांची बाजूची टोकं मागे आली होती आणि त्यांनी वरचे स्नायू बाहेर ढकलले होते. गाठ वाटत होती ती हीच.

आणि मुख्य गोष्ट ही की पाठीच्या मधोमध बोट फिरवलं तर जी हाडांची टोकं लागतात, ती जवळपास सरळ रेषेत होती. म्हणजे बाहेरून पाठ सरळ आणि आत कणा वाकडा.

हा कणा विल्यम ॲडम्स नावाच्या सर्जननं बारकाईनं अभ्यासला आणि १८५४ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे १८६५ मध्ये त्यानं एक साधी तपासणी सांगितली. माणसाला उभं करून कमरेतून पुढे वाकायला सांगायचं आणि मागून बघायचं. कणा पिळलेला असेल तर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर येते. आजही शाळांमधल्या तपासणीत मुलांना असं वाकायला लावतात. तिला ॲडम्सची तपासणी म्हणतात, आणि तिच्या मागे मॅन्टेलचा कणा आहे.

या वाकण्याला वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ "वाकडा". दोन हजार वर्षं डॉक्टरांचा सगळा जोर तो सरळ करण्यावर होता. हिपोक्रेटिसच्या काळात रुग्णाला शिडीला बांधून शिडी उंचावरून आपटायची पद्धत होती. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की हे बहुतेक गर्दी जमवणाऱ्यांचे उद्योग आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रुआज पारे यानं चिलखत बनवणाऱ्या कारागिरांकडून लोखंडी पट्टे करून घेतले. विसाव्या शतकात अमेरिकेत पॉल हॅरिंग्टननं पोलिओ झालेल्या मुलांच्या कण्यात स्टीलचा दांडा बसवायला सुरुवात केली. वाक किती हे मोजायची पद्धत १९४८ मध्ये जॉन कॉब यानं दिली. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर स्कोलिओसिस.

पण हे सगळे उपाय मुख्यतः वाढत्या मुलांचा विचार करून निघाले. साठीनंतरची गोष्ट वेगळी असते. काहींचा लहानपणीचा वाक वयानुसार वाढतो. काहींचा कणा तरुणपणी ठणठणीत असतो, पण पन्नाशीनंतर मणक्यांमधल्या गाद्या एका बाजूनं जास्त झिजतात आणि कणा तिकडे कलतो. अशा कलण्यानं दरवेळी दुखतंच असं नाही. कित्येकांना कळतही नाही.

दुखतं कधी? दोन मणक्यांच्या मधून बाजूला नस बाहेर पडते, तिच्यासाठी एक छोटं भोक असतं. कणा कलला की आतल्या बाजूचं भोक अरुंद होतं आणि नस चेपते. मग मांडीतून पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखी सणक, मुंग्या, आग, बधिरपणा. आजी म्हणते "उभं राहिलं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं", ते बहुतेक वेळा हेच असतं. आणि या वयात कण्याची मोठी शस्त्रक्रिया झेपेलच असं नसतं. म्हणून सरळ करण्याचा प्रश्न मागे पडतो आणि प्रश्न उरतो तो दुखण्यासोबत जगायचा. इथे औषधं येतात.

अफू: एकच वस्तू, दोन चेहरे

मॅन्टेलच्या काळात जोरकस औषध एकच होतं, अफू. ती दारूत विरघळवून लॉडनम नावाचं द्रव्य बनवायचे. इंग्लंडमध्ये ते कुणालाही, चिठ्ठीशिवाय, किराणा मालाच्या दुकानातही मिळायचं. एका दुकानातलं लॉडनम दुसऱ्या दुकानातल्याइतकंच कडक असेल याची खात्री नव्हती. विक्रीवर पहिली मर्यादा आली ती १८६८ च्या फार्मसी कायद्यानं, मॅन्टेल गेल्यावर सोळा वर्षांनी.

अफूची अडचण अशी की शरीराला ती सवयीची होते. आज जेवढ्यात बरं वाटलं, तेवढ्यात काही महिन्यांनी वाटत नाही. मग थोडी जास्त, मग आणखी थोडी. दुखणं कमी करायचा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यातलं अंतर हळूहळू कमी होत जातं. मॅन्टेल स्वतः डॉक्टर होता, त्याला हे कळत नसेल असं नाही. पण औषध देणाराही तोच, घेणाराही तोच. आज किती झालं हे बाहेरून बघणारं दुसरं कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवा, शेवटी आपण इथे परत येणार आहोत.

आता अफूचं नाव निघालंच आहे तर आपल्या मुंबईचं नातंही सांगायला हवं. घोळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो, इंग्लंडच्या दुकानांतली औषधी अफू मुख्यतः तुर्कस्तानातून यायची. हिंदुस्थानातली अफू जायची चीनला. बंगालची कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबई बंदरातून. या व्यापारासाठी इंग्लंडनं चीनशी १८३९ ते १८४२ असं युद्ध केलं. म्हणजे मॅन्टेल लगामात अडकून फरफटला, तेव्हा तिकडे अफूचं युद्ध चालू होतं. या व्यापारातून मुंबईत ज्यांनी अफाट पैसा केला त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय होते. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. हॉस्पिटल १८४५ मध्ये सुरू झालं. ज्या वस्तूनं चीनमध्ये घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, तिच्या पैशातून मुंबईत गोरगरिबांचं दुखणं बरं करायची जागा उभी राहिली. अफूचे हे दोन चेहरे तुम्हाला या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतील.

अफूतला मुख्य घटक, मॉर्फिन, झेर्ट्युर्नर नावाच्या एका जर्मन औषधविक्रेत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळा काढला होता. १८५३ मध्ये, मॅन्टेल गेल्यावर एकाच वर्षानं, एडिंबरोच्या अलेक्झांडर वूड यानं नसेच्या दुखण्यानं बेजार झालेल्या एका वयस्क बाईला पोकळ सुईनं मॉर्फिन टोचलं. म्हणजे आज आपण ज्या इंजेक्शनला सर्रास "सुई" म्हणतो, तिच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर नसेचं दुखणं आहे! त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांना वाटलं की तोंडातून न घेता टोचलं तर चटक लागणार नाही. ते साफ चुकलं. पुढे १८९८ मध्ये बायर कंपनीनं मॉर्फिनपेक्षा सुरक्षित म्हणून एक नवं औषध बाजारात आणलं. त्याचं नाव हेरॉइन. "हे नवं, याची सवय लागत नाही" हे वाक्य वैद्यकाच्या इतिहासात जेव्हा जेव्हा ऐकू येतं, तेव्हा कान टवकारायला हवेत.

उसनी औषधं

नसेचं दुखणं बाकी दुखण्यांपेक्षा वेगळं असतं, हे नीट लिहून ठेवलं अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका डॉक्टरनं. त्याचं नाव सायलस वीअर मिचेल. गोळी लागून नस जखमी झालेले सैनिक त्याच्याकडे यायचे. जखम भरलेली, पण हात आगीत धरल्यासारखा जळतोय. नुसता कागद घासला तरी किंचाळायचे. मिचेलला कळलं की इथे जखम दुखत नाहीये, दुखण्याची खबर नेणारी तारच बिघडली आहे.

हे उदाहरण घरचं घेऊ. दाराशी कुणी आलं म्हणून बेल वाजली, तर ते साधं दुखणं. पाय मुरगळला, सूज आली. सूज उतरवणारी गोळी घ्या, बेल बंद. पण दाराशी कुणीच नाही आणि वायर घासली गेल्यामुळे बेल आपली वाजतेच आहे, तर ते नसेचं दुखणं. म्हणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. उलट उतारवयात त्या महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडवू शकतात.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं. मेंदूकडे जाणारी दुखण्याची खबर तिथे कमी-जास्त होऊ शकते. मन, झोप, भीती, स्पर्श यांचा त्या फाटकावर परिणाम होतो. म्हणजे "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून आजीला गप्प बसवणाऱ्यांना शास्त्रानंच उत्तर दिलं. मनाचा दुखण्यावर परिणाम होतो, पण म्हणून दुखणं खोटं नसतं.

आता औषधांकडे. मजा अशी की वायर शांत करणारी बहुतेक सगळी औषधं दुसऱ्याच कुठल्या आजारासाठी बनली होती. नसांच्या दुखण्यानं ती उसनी आणली.

पहिलं उसनं फिट्सच्या औषधांचं. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी बेताल होतात. नस दुखते तेव्हा नस बेताल होते. मग एकावरचं औषध दुसऱ्यावर का चालणार नाही? १९४२ मध्ये फिनिटॉइन हे फिट्सचं औषध चेहऱ्याच्या नसेच्या भयंकर दुखण्यावर वापरलं गेलं. १९६२ मध्ये कार्बामाझेपिन. या दुसऱ्यानं चेहऱ्याच्या दुखण्यावर इतकं छान काम केलं की आजही तिथे तेच पहिलं औषध आहे.

दुसरं उसनं नैराश्याच्या औषधांचं. ॲमिट्रिप्टिलिन १९६१ पासून नैराश्यासाठी अमेरिकेत मिळू लागलं. पुढे लक्षात आलं की नैराश्यासाठी लागतं त्याच्या कितीतरी कमी डोसमध्ये ते नसेचं दुखणं उतरवतं. म्हणूनच मंडळी, आजोबांच्या चिठ्ठीवरचं औषध गूगल करून "हे तर डिप्रेशनचं आहे, डॉक्टर बाबांना वेडं समजतात का?" असं घरात भांडण लावू नका. डोस विचारा, कारण विचारा.

तिसरं उसनं सगळ्यात गाजलेलं, गॅबापेन्टिन. मेंदूत गाबा नावाचं एक शांतवणारं रसायन असतं, त्याच्यासारखं दिसणारं औषध करायचं म्हणून ते बनवलं. १९९३ च्या शेवटी अमेरिकेत फिट्ससाठी मान्यता मिळाली. मग कळलं की ते गाबावर काम करतच नाही! ते नसेच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या दारांवर बसतं आणि दुखण्याची खबर देणारी रसायनं कमी सुटतात. चुकीच्या समजुतीनं बनवलं आणि वेगळ्याच कारणानं उपयोगी पडलं.

पण पुढचा भाग चांगला नाही. अमेरिकेत कंपनीला मान्यता फिट्सपुरती होती आणि तिचे लोक डॉक्टरांना हे औषध नाना प्रकारच्या दुखण्यांवर लिहा म्हणून गळ घालत होते. डेव्हिड फ्रँकलिन नावाच्या त्यांच्याच एका माजी कर्मचाऱ्यानं हे उघड केलं. २००४ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर भरले. दरम्यान २००२ मध्ये नागिणीनंतर राहणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिनला रीतसर मान्यता मिळाली होती. म्हणजे औषध खोटं नव्हतं, आश्वासन फुगवलेलं होतं.

त्याचंच धाकटं भावंड प्रीगॅबॅलिन, २००४ च्या शेवटी मान्यता मिळालेलं. तुमच्या घरच्या डब्यातली "नसांची गोळी" बहुधा हीच, आणि आपल्याकडे ती अनेकदा मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ सोबत एकाच कॅप्सूलमध्ये येते. तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडची दिली आणि दोन्हीत प्रीगॅबॅलिनच निघालं, तर डोस नकळत दुप्पट होतो.

भीती दोन्ही बाजूंनी

भारतात या कथेला वेगळं वळण आहे. १९८५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला. कडक शिक्षा, परवान्यांची मोठी भानगड. परिणाम असा झाला की दवाखान्यांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. एकीकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूचं पीक, आणि दुसरीकडे कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसालाही मॉर्फिन मिळेना. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याचे नियम सोपे आणि देशभर सारखे झाले.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. १९९६ नंतर अफूच्या जातीतल्या गोळ्या साध्या पाठदुखीलाही सढळ हातानं वाटल्या गेल्या आणि लाखो माणसं व्यसनात आणि मृत्यूत ओढली गेली. भारतानंही २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल ही त्याच कुळातली गोळी एनडीपीएसखाली आणली. प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेन्टिनचा गैरवापर वाढला म्हणून ब्रिटननं २०१९ मध्ये त्यांनाही नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं.

औषध फार मिळालं तरी माणसं मेली आणि अजिबात मिळालं नाही तरी तळमळली. दोन्हीकडे एक गोष्ट राहून गेली. समोरच्या एका माणसाला किती, कशासाठी आणि किती दिवस, हे कुणीतरी त्याच्याजवळ बसून ठरवणं.

मग गोळी किती काम करते?

खरं सांगायचं तर मर्यादित. २०१५ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत नसांच्या दुखण्यावरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. प्रीगॅबॅलिन साधारण आठ जणांना दिलं तर त्यातल्या एकाला औषधामुळे म्हणून चांगला आराम पडतो, म्हणजे दुखणं साधारण निम्म्यावर येतं. ॲमिट्रिप्टिलिनच्या कुळात हे प्रमाण साडेतीन-चार जणांत एक. यातल्या बऱ्याच चाचण्या मधुमेह किंवा नागिणीनंतरच्या दुखण्यावरच्या होत्या. पाठीतून पायात उतरणाऱ्या सायटिकावर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, २०९ रुग्णांची. तिथे प्रीगॅबॅलिन आणि नुसत्या साखरेसारखी बिनऔषधाची गोळी यांत फरक दिसला नाही. चक्कर मात्र औषधवाल्यांना जास्त आली.

याचा अर्थ आजीची गोळी उद्या बंद करा असा नाही. ती त्या आठांतली एक असू शकते. अर्थ इतकाच की गोळी लागू पडतेय की नाही, हे काही आठवड्यांनी विचारलंच पाहिजे. लागू पडली तर खरी कसोटी "दुखणं शून्य झालं का?" ही नसते. रात्री सलग झोप लागते का, देवळापर्यंत चालता येतं का, ओट्याशी उभं राहून पोळ्या होतात का, ही असते.

आणि उतारवयाचा हिशेब वेगळा. प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेन्टिन शरीरातून बाहेर पडतात ती मूत्रपिंडातून, जशीच्या तशी. वय वाढलं की मूत्रपिंडाचा वेग कमी होतो, म्हणजे तोच डोस रक्तात जास्त साठतो. तोल जातो, पाय सुजतात, गुंगी राहते. पंचाहत्तरीत बाथरूममध्ये एकदा पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, की नसेचं दुखणं ही छोटी गोष्ट वाटायला लागते. ॲमिट्रिप्टिलिननं तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, काहींना भ्रम होतो. अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरनं १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी सुरू केली. तिच्या आजच्या आवृत्तीत ही औषधं आहेत, आणि अफूच्या कुळातली गोळी व गॅबापेन्टिनचं कूळ एकत्र देऊ नका असा इशाराही आहे, कारण श्वास मंदावू शकतो.

तुमचं काम काय?

आम्ही इतिहासवाले, डॉक्टर नाही. डोस आम्ही सांगणार नाही. पण मॅन्टेलकडे नव्हतं ते तुमच्या घरात आहे, बाहेरून बघणारं दुसरं माणूस. ते तुम्ही आहात.

फोनमध्ये एक नोट उघडा. गोळीचं खरं नाव, ब्रँडचं नव्हे. किती मिलिग्रॅम, कधी सुरू झाली, डोस कधी वाढला. शेजारी दोन ओळी: आज किती चालली, रात्री किती झोपली, चक्कर आली का. डॉक्टरकडे जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, झोपेची गोळी आणि कुणीतरी सुचवलेली पुडीसुद्धा. मूत्रपिंडाची तपासणी, ती क्रिएटिनिनची, अलीकडे कधी झाली ते विचारा. जास्त दुखलं म्हणून आजी एकाऐवजी दोन घेत असेल तर रागावू नका, पण डॉक्टरांना सांगा. बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू देऊ नका. ही औषधं हळूहळू उतरवायची असतात. आणि पाय अचानक लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

शेवटचं एक. मॅन्टेलची पाठ वरून सरळ दिसायची, म्हणून आतला पीळ कुणाला कळला नाही. ॲडम्सनं शोधलेली युक्ती महागड्या यंत्राची नव्हती. माणसाला वाकायला सांगायचं आणि मागे उभं राहून नीट बघायचं, बस. आजी "काही नाही गं, वय झालं" म्हणते तेव्हा तिची पाठही अशीच सरळ दिसत असते. आज रात्री गोळी देताना पाण्याच्या ग्लासासोबत पाच मिनिटं तिच्याजवळ बसा आणि विचारा, कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून. उत्तर मिळेल ते नोटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.